तीन व्होल्टचा डिस्प्ले पावसाळाभर सेलवर कसा चालवायचा?

तापमान आणि हवेतला दमटपणा दाखवणारं एक छोटं उपकरण बनवायचं आहे. डिस्प्लेला लागतात तीन व्होल्ट, आणि हातात आहेत तीन पेन्सिल सेल, म्हणजे साडेचार व्होल्ट. मधला दीड व्होल्ट कमी करायचा आहे. इलेक्ट्रॉनिक्सचा छंद असलेल्या कुणालाही विचारा, पाच मिनिटांत चार उपाय सांगेल. चारही उपायांनी डिस्प्ले सुरू होईल. पण तो किती दिवस सुरू राहील, याचं उत्तर प्रत्येक उपायात वेगळं आहे. एकात सोळा दिवस, तर दुसऱ्यात आठ महिन्यांहून जास्त.

हा फरक पुण्यात किंवा नागपुरात फारसा जाणवत नाही. सेल संपले की कोपऱ्यावरच्या दुकानातून नवे आणता येतात. म्हणून आपण हा हिशोब मुद्दाम हेमलकशात मांडून बघू.

हेमलकसाच का?

हेमलकसा हे गडचिरोली जिल्ह्याच्या भामरागड तालुक्यातलं गाव. बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी इथे लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला. तेव्हा गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा नव्हता, हा सगळा भाग चंद्रपूर जिल्ह्यात होता. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी इथल्या माडिया गोंड लोकांसाठी दवाखाना चालवला. सुरुवातीच्या वर्षांत वीज नव्हती, कंदिलाच्या उजेडात शस्त्रक्रिया कराव्या लागत. १९७६ साली इथे आश्रमशाळाही सुरू झाली.

जवळच भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती या तीन नद्या एकत्र येतात. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की पुलावरून पाणी वाहतं आणि भामरागडचा संपर्क तुटतो, हे वर्षानुवर्षं घडत आलं आहे. आलापल्लीची बाजारपेठ साठेक किलोमीटरवर, आणि त्या रस्त्यावरही नाले आडवे येतात. जोरदार पावसात वीज गेली तर दुरुस्तीलाही वेळ लागतो.

आता असं धरा, की या परिसरातल्या एखाद्या शाळेत औषधांचं कपाट आहे. बऱ्याच औषधांच्या पाकिटावर ‘३० अंश सेल्सिअसच्या खाली, कोरड्या जागी ठेवा’ अशा अर्थाची सूचना असते. मे महिन्यात या पट्ट्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि जूननंतर हवा ओलीचिंब होते. कपाटातलं तापमान आणि दमटपणा येता-जाता दिसला, तर औषधं कधी हलवायची हे कळतं. (लसींसारख्या नाजूक गोष्टींसाठी मात्र घरी बनवलेल्या उपकरणावर विसंबू नये, त्यासाठी प्रमाणित थर्मामीटरच हवा.)

सौर पॅनेल लावावं तर नेमके पावसाळ्यात ढग असतात. म्हणून सेल. अट एकच: १ जूनला घातलेले सेल ३० सप्टेंबरपर्यंत बदलावे लागू नयेत.

आधी खर्चाची मर्यादा ठरवू

१ जून ते ३० सप्टेंबर म्हणजे १२२ दिवस, म्हणजेच २,९२८ तास. चांगल्या अल्कलाइन पेन्सिल सेलची क्षमता, हलक्या वापरात, सावधपणे धरली तरी २,००० मिलिअँपिअर-तास असते. म्हणजे १ मिलिअँपिअर प्रवाह घेतला तर सेल २,००० तास पुरेल. तीन सेल एकापुढे एक जोडले की व्होल्टेज तिप्पट होतं, पण क्षमता एका सेलइतकीच राहते.

२,००० ला २,९२८ ने भागा. उत्तर येतं ०.६८. म्हणजे डिस्प्ले, सेन्सर, मायक्रोकंट्रोलर आणि व्होल्टेज कमी करणारा भाग या सगळ्यांनी मिळून सरासरी ०.६८ मिलिअँपिअरपेक्षा जास्त प्रवाह घेता कामा नये. हा आकडा लक्षात ठेवा, पुढचा प्रत्येक उपाय आपण याच्यावर घासून बघणार आहोत.

डिस्प्ले कोणता घ्यायचा?

बाजारात छंदासाठी तीन प्रकारचे छोटे डिस्प्ले सहज मिळतात.

पहिला ओएलईडी. याचे ठिपके स्वतः उजेड देतात, त्यामुळे तो सुंदर दिसतो. पण बरेच ठिपके पेटले की १० ते २० मिलिअँपिअर खातो. आपली मर्यादा पाहता हा सतत चालू ठेवता येणार नाही.

दुसरा, दोन ओळींत सोळा-सोळा अक्षरं दाखवणारा एलसीडी. मागचा दिवा बंद ठेवला तर हा एक-दोन मिलिअँपिअरवर चालतो. पण तोही मर्यादेच्या वरच. शिवाय याची बहुतेक मॉड्यूल पाच व्होल्टसाठी बनवलेली असतात, तीन व्होल्टवर अक्षरं पुसट होतात.

तिसरा ‘नोकिया ५११०’ या नावाने मिळणारा, ८४ बाय ४८ ठिपक्यांचा एलसीडी. जुन्या मोबाइल फोनमधला हा पडदा आजही छंदवाल्यांचा आवडता आहे. त्याच्या आत पीसीडी८५४४ नावाची चिप असते. तिला २.७ ते ३.३ व्होल्ट लागतात आणि मागचा दिवा बंद असताना ती साधारण पाव मिलिअँपिअर, म्हणजे ०.२५ मिलिअँपिअर घेते. दिवसाच्या उजेडात दिव्याशिवाय तो छान वाचता येतो. आपल्या कामाला हाच योग्य.

आता साडेचारचे तीन करू.

उपाय पहिला: एक रेझिस्टर

ओहमचा नियम शाळेत शिकलेला असतो. ०.२५ मिलिअँपिअर प्रवाह असताना १.५ व्होल्ट कमी करायचे, तर ६ किलोओहमचा रेझिस्टर हवा. कागदावर गणित बरोबर आहे. अडचण अशी, की डिस्प्ले नेहमी तेवढाच प्रवाह घेत नाही. किती ठिपके काळे आहेत, नवा मजकूर लिहिला जातो आहे का, यानुसार प्रवाह बदलतो. तो ०.१ झाला तर रेझिस्टर फक्त ०.६ व्होल्ट अडवतो आणि डिस्प्लेला ३.९ व्होल्ट मिळतात. तो ०.५ झाला तर ३ व्होल्ट अडतात आणि डिस्प्लेकडे उरतात दीड. एकदा जास्त, एकदा कमी. ज्याचा प्रवाह ठरलेला आहे अशा एलईडीसाठी रेझिस्टर ठीक आहे, डिस्प्लेसाठी नाही.

उपाय दुसरा: दोन रेझिस्टरची विभागणी

१.५ आणि ३ किलोओहमचे रेझिस्टर एकापुढे एक जोडले, तर मधल्या बिंदूवर बरोबर तीन व्होल्ट मिळतात. पण डिस्प्ले जोडला नसतानाही या जोडीतून १ मिलिअँपिअर सतत वाहत राहतो. डिस्प्लेच्या चौपट! आणि डिस्प्ले जोडताच व्होल्टेज २.७५ पर्यंत घसरतं. सेल सत्तरेक दिवसांत संपतात, म्हणजे ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, ऐन पावसात.

ही विभागणी अगदीच निरुपयोगी नाही. पाच व्होल्टचा एखादा संदेश तीन व्होल्टच्या चिपला द्यायचा असेल, तर त्या तारेवर १० आणि २० किलोओहमची जोडी उत्तम चालते. ती संदेशासाठी आहे, वीजपुरवठ्यासाठी नाही.

उपाय तिसरा: डायोड

साधा सिलिकॉन डायोड आपल्यावर साधारण ०.६ व्होल्ट अडवतो. दोन डायोड लावले तर १.२ व्होल्ट कमी. याची जमेची बाजू म्हणजे डायोड स्वतःसाठी वेगळा प्रवाह घेत नाही. पण ०.६ हा आकडा प्रवाह एखादा मिलिअँपिअर असतानाचा आहे. प्रवाह काही मायक्रोअँपिअरपर्यंत उतरला की तोच डायोड ०.४ व्होल्टपेक्षाही कमी अडवतो. नव्या कोऱ्या तीन सेलचे ४.८ व्होल्ट असतात. त्यात डिस्प्ले झोपवून ठेवला, तर त्याच्यावर चार व्होल्ट येऊन पडतात.

शिवाय उष्णतेचाही परिणाम होतो. तापमान एक अंश वाढलं की डायोडचा अडवलेला व्होल्टेज सुमारे २ मिलिव्होल्टने कमी होतो. चंद्रपूर-गडचिरोलीत डिसेंबरची पहाट आणि मेची दुपार यांत तीसेक अंशांचा फरक सहज पडतो. दोन डायोडचा मिळून हा फरक ०.१२ व्होल्ट होतो. घाईत चालून जाईल असा उपाय, पण भरवशाचा नाही.

झेनर डायोडबद्दलही इथेच सांगून टाकू. ३.३ व्होल्टचा छोटा झेनर साधारण ५ मिलिअँपिअर वाहत असतानाच ३.३ व्होल्टवर नीट उभा राहतो. त्याहून कमी प्रवाहात तो ढिला पडतो. आपली मर्यादा ०.६८. विषय संपला.

उपाय चौथा: रेग्युलेटर, पण कोणता?

रेग्युलेटर म्हणजे आत येणारं व्होल्टेज किंवा बाहेर जाणारा प्रवाह बदलला तरी ठरलेलं व्होल्टेज देणारी चिप. आपल्याला हेच हवं आहे. पण बहुतेकांचा हिशोब इथेच चुकतो.

दुकानात सर्वांत सहज मिळणारा ३.३ व्होल्टचा रेग्युलेटर म्हणजे एएमएस१११७. तो ८०० मिलिअँपिअरपर्यंत देऊ शकतो, स्वस्त आहे, अनेक तयार बोर्डांवर बसवलेला असतो. पण तो स्वतःचं काम चालू ठेवायलाच ५ मिलिअँपिअर घेतो. डिस्प्लेला लागतो पाव, आणि त्याला वीज मोजून देणाऱ्याला लागतात पाच. शंभर रुपये पोचवायला दोन हजारांचं भाडं द्यावं, तसं हे झालं. सेल टिकतात सोळा दिवस. जुना ७८०५ आणि त्याच्या घराण्यातले इतर रेग्युलेटरही काही मिलिअँपिअर असेच खातात.

दुसरी अडचण म्हणजे याला बाहेरच्यापेक्षा आतलं व्होल्टेज एक व्होल्टहून जास्त लागतं. या फरकाला ड्रॉपआउट म्हणतात. त्यामुळे सेल प्रत्येकी १.३ व्होल्टच्या खाली गेले की डिस्प्ले त्याच्या २.७ च्या मर्यादेखाली जातो, सेलमध्ये बरीच शक्ती शिल्लक असतानाच.

मग ‘बक कन्व्हर्टर’? हे मॉड्यूल ९० टक्के कार्यक्षम असतं, असं ऐकलेलं असतं. ते खरं आहे, पण शेकडो मिलिअँपिअर घेणाऱ्या मोटरसाठी किंवा मोबाइल चार्जरसाठी. एलएम२५९६ हे नेहमीचं बक मॉड्यूल स्वतःच ५ मिलिअँपिअरच्या आसपास घेतं. पाव मिलिअँपिअरच्या डिस्प्लेसाठी त्याची कार्यक्षमता काही कामाची नाही.

योग्य निवड म्हणजे अत्यल्प प्रवाहावर चालणारे रेग्युलेटर. उदाहरणार्थ एमसीपी१७००. हा स्वतःसाठी फक्त १.६ मायक्रोअँपिअर घेतो, म्हणजे एएमएस१११७ च्या सुमारे तीन हजाराव्या हिश्शाइतका. हलक्या भारावर त्याचा ड्रॉपआउटही अगदी थोडा असतो. तो ३.३ आणि ३.० अशा दोन्ही व्होल्टेजमध्ये मिळतो. आपण ३.० चा घेऊ, कारण मग सेल प्रत्येकी एक व्होल्टपर्यंत उतरले तरी डिस्प्लेला पुरेसं मिळत राहतं.

असा रेग्युलेटर जास्तीचा दीड व्होल्ट उष्णतेत घालवतो, म्हणजे एकतृतीयांश ऊर्जा वाया जाते, हा आक्षेप बरोबर आहे. पण ०.३ मिलिअँपिअर गुणिले १.५ व्होल्ट म्हणजे अर्ध्या मिलिवॉटहूनही कमी. बोटाला ऊब कळणार नाही इतकी. ती वाचवायला लावलेली गोष्ट त्याहून जास्त खात असेल, तर ती वाचवण्यात अर्थ नाही.

‘मग दोनच सेल का लावू नयेत? थेट तीन व्होल्ट मिळतील,’ असाही प्रश्न येईल. चालेल, पण सेल प्रत्येकी १.३५ व्होल्टवर उतरताच डिस्प्ले २.७ च्या काठावर येतो. तेव्हा सेलमध्ये अजून बरीच शक्ती असते आणि ती वापरता येत नाही. तिसरा सेल आणि रेग्युलेटर लावून आपण ती उरलेली शक्ती वापरतो.

बाकीच्या मंडळींचा खर्च

रेग्युलेटर नीट निवडला आणि मागे अर्डुइनो उनो बोर्ड जोडला, तर सगळं मुसळ केरात. त्या बोर्डावर यूएसबीची चिप, दिवे, स्वतःचा रेग्युलेटर असं बरंच काही असतं. तो काही न करताही चाळीसहून अधिक मिलिअँपिअर घेतो, सेल दोन दिवसांत रिकामे. त्याऐवजी त्याच जातीची एटमेगा३२८पी ही चिप सुटी वापरा. ८ मेगाहर्ट्झवर ती २.७ व्होल्टलाही चालते. दर मिनिटाला जागी होऊन तापमान वाचायचं, डिस्प्लेवर लिहायचं आणि पुन्हा झोपायचं, असा प्रोग्रॅम लिहिला तर तिची सरासरी एक-दोन शतांश मिलिअँपिअरच्या आत राहते. चिपही त्याच तीन व्होल्टवर चालत असल्यामुळे डिस्प्लेकडे जाणारे संदेशही तीन व्होल्टचेच राहतात. चिपला पाच आणि डिस्प्लेला तीन व्होल्ट दिले, तर संदेशांच्या तारांमधूनच डिस्प्लेत जादा व्होल्टेज शिरतं. ही चूक पटकन लक्षात येत नाही.

सेन्सर निवडताना त्याची खालची मर्यादा पाहा. डीएस१८बी२० हा लोकप्रिय तापमान सेन्सर ३.० व्होल्टपासून पुढे चालतो, म्हणजे आपल्या उपकरणात तो काठावरच राहील. बीएमई२८० हा १.७१ ते ३.६ व्होल्टवर चालतो, तापमानासोबत दमटपणाही सांगतो आणि वाचन नसताना जवळपास काहीच खात नाही.

मागचा दिवा सतत लावू नका, बटण ठेवा. १० मिलिअँपिअरचा दिवा दिवसातून वीस वेळा, दर वेळी दहा सेकंद लावला, तर दिवसभराची सरासरी होते फक्त ०.०२३ मिलिअँपिअर.

आता बेरीज. डिस्प्ले ०.२५, चिप आणि सेन्सर मिळून सढळ हाताने ०.०५, रेग्युलेटर ०.००२, दिवा ०.०२३. एकूण ०.३२५ मिलिअँपिअर. २,००० भागिले ०.३२५ म्हणजे सुमारे ६,१५० तास, म्हणजे २५६ दिवस. जूनमध्ये घातलेले सेल कागदावर फेब्रुवारीपर्यंत जातात. हा हिशोब अर्धाच खरा ठरला तरी १२८ दिवस होतात, पावसाळा निघून जातो.

ऊन, थंडी आणि अक्षरांचा काळेपणा

एलसीडीमधल्या द्रव स्फटिकाला वळवायला लागणारं व्होल्टेज तापमानानुसार बदलतं. गरमीत ते कमी लागतं, म्हणून मेच्या दुपारी सगळा पडदा काळवंडलेला दिसू शकतो. थंडीत जास्त लागतं, म्हणून डिसेंबरच्या पहाटे अक्षरं फिकी पडतात. अशा वेळी पुरवठ्याचं व्होल्टेज वर-खाली करायला जाऊ नका. पीसीडी८५४४ चिप पडद्यासाठी लागणारं जास्त व्होल्टेज स्वतःच आत तयार करते. ते किती असावं हे प्रोग्रॅममधून सांगता येतं आणि तापमानानुसार ते बदलण्याच्या चार पातळ्याही चिपमध्ये आहेत. सेन्सर तापमान वाचतोच आहे, तर त्यावरून कॉन्ट्रास्ट बदलायला दोन-तीन ओळींचा प्रोग्रॅम पुरतो.

जोडणी करताना

एमसीपी१७०० च्या आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या बाजूला प्रत्येकी १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, त्याशिवाय व्होल्टेज डळमळू शकतं. तीन पायांच्या सुट्या एमसीपी१७०० मध्ये पायांचा क्रम ७८एल०५ सारखा नसतो, डेटाशीट पाहूनच जोडा. याची आत घेण्याची कमाल मर्यादा ६ व्होल्ट आहे. तीन सेलना हरकत नाही, पण नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी किंवा ६ व्होल्टचं सौर पॅनेल थेट जोडलं तर तो जळेल. उन्हात, भार नसताना, ६ व्होल्टचं पॅनेल त्याहून जास्त व्होल्टेज देतं. नऊ व्होल्टची बॅटरी तशीही घाट्याची, तिची क्षमता पेन्सिल सेलच्या पाव हिश्शाच्या आसपासच असते.

साधे झिंक-कार्बन सेल दमट हवेत लवकर गळतात आणि स्प्रिंग गंजवतात, म्हणून अल्कलाइनच घ्या. स्प्रिंगवर गंज धरू नये म्हणून उपकरण झाकणाच्या डबीत ठेवा, फक्त सेन्सरसाठी छोटी भोकं ठेवा.

शेवटचं काम मोजण्याचं. सेलच्या वाटेत १०० ओहमचा रेझिस्टर जोडा आणि त्याच्या दोन टोकांवर मल्टिमीटर २०० मिलिव्होल्टच्या पट्टीवर लावा. ३० मिलिव्होल्ट दिसले, तर प्रवाह ०.३ मिलिअँपिअर. ७० च्या जवळ आकडा गेला, तर सेल सप्टेंबरपर्यंत पोचणार नाहीत. कुठला तरी दिवा किंवा रेग्युलेटर गुपचूप खातो आहे, तो शोधा. आणि हे मेमध्येच करा, नाले भरायच्या आत.